सरिस्का ते सिमिलिपाल : वाघांच्या भवितव्याचा जनुकीय अंदाज

नवी दिल्ली : राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या राजस्थानच्या अलवर जिल्ह्यातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये स्पष्ट झाले होते. आज तेथील वाघांच्या संख्येने चाळिशी ओलांडली आहे. देशातील व्याघ्र संवर्धनाच्या इतिहासातील हे ठळक यश मानले जाते. मात्र हे वाघ मूळच्या एकाच जंगलातील, म्हणजे रणथंबोरमधील, मोजक्या वाघांचे वंशज आहेत. त्यामुळे केवळ संख्येच्या आधारे त्यांचे भवितव्य सुरक्षित मानावे काय, हा प्रश्न कायम आहे. वाघांच्या जनुकसंचाच्या अभ्यासातून या प्रश्नाचे उत्तर शोधले जात असून, बदलत्या परिसरात कोणते वाघ टिकतील आणि कोणते संकटात येतील, याचा अंदाज बांधण्याचे हे शास्त्र आता धोरणात्मक निर्णयांपर्यंत पोहोचले आहे.

सरिस्काचे पुनर्वसन

शिकारीमुळे सरिस्का वाघविहीन झाल्याचे उघड झाल्यानंतर केंद्र सरकारने २००५ मध्ये व्याघ्र कृती दलाची स्थापना केली. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले. २८ जून २००८ रोजी रणथंबोरमधील एका नर वाघाला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने सरिस्कात आणण्यात आले आणि त्यानंतर काही दिवसांतच पहिली वाघीण दाखल झाली. सुरुवातीला आणलेले वाघ परस्परांचे जवळचे नातलग असल्याच्या शंकेवरून वाद निर्माण झाला. स्थलांतरापूर्वी वाघांची डीएनए तपासणी व्हावी, ही मागणी त्यातूनच पुढे आली. सरिस्कात पहिले बछडे दिसण्यासाठी २०१२ साल उजाडावे लागले.

जनुकसंच काय सांगतो?

वाघासारख्या प्राण्याला जनुकांची एक प्रत मातेकडून आणि दुसरी पित्याकडून मिळते. एका प्रतीत दोष असला, तरी दुसरी निर्दोष प्रत सहसा काम निभावून नेते. आईवडील जवळचे नातलग असतील, तर दोन्ही प्रती सदोष असण्याची शक्यता वाढते आणि एरवी सुप्त राहणारे दोष प्रकट होतात. प्रजननक्षमता, रोगप्रतिकारशक्ती आणि बछड्यांचे जगणे यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. याखेरीज, जनुकीय विविधता कमी असलेल्या समूहाला नवा रोग, वाढते तापमान किंवा बदललेला अधिवास यांच्याशी जुळवून घेण्यासाठी पर्यायही कमी उरतात.

पूर्वी अशा अभ्यासासाठी डीएनएतील मोजक्या खुणा तपासल्या जात. आता संपूर्ण जनुकसंच वाचता येतो. जंगलात मिळणारी विष्ठा किंवा केस यांतूनही उपयुक्त माहिती काढता येत असल्याने त्यासाठी प्रत्येक वाघाला बेशुद्ध करावे लागत नाही.

रणथंबोरविषयीचे निष्कर्ष

बंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील अनुभव खान, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७ वाघांच्या संपूर्ण जनुकसंचांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. अंतःप्रजननामुळे जनुकसंचाचा किती भाग दोन्ही प्रतींमध्ये एकसारखा झाला आहे, हे त्यात मोजण्यात आले. इतर जंगलांपासून तुटलेल्या रणथंबोरच्या छोट्या समूहात हे प्रमाण सरासरी ५७ टक्के आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या मोठ्या आणि परस्परांशी जोडलेल्या दोन समूहांत ते ३५ आणि ४६ टक्के होते.

या अभ्यासात आणखी एक गुंतागुंत समोर आली. अत्यंत घातक असे काही जनुकीय दोष रणथंबोरच्या समूहातून पिढ्यान्‌पिढ्या गाळले गेल्याचे दिसले, कारण असे दोष प्रकट झालेले प्राणी टिकत नाहीत. परंतु जे दोष उरले, ते अधिक वाघांमध्ये आणि दोन्ही प्रतींमध्ये आढळले. त्यामुळे अंतःप्रजननाच्या दुष्परिणामांचा सर्वाधिक धोका याच समूहाला असल्याचा अंदाज संशोधकांनी वर्तविला. सरिस्काचा वारसा रणथंबोरचाच असल्याने हा इशारा तेथेही तितकाच लागू होतो.

रस्ते, वस्त्या आणि इसवी सन २१००

वाघांच्या बाबतीत पर्यावरणातील सर्वांत वेगवान बदल म्हणजे जंगलांचे तुटणे होय. सरिस्कातील एक तरुण नर वाघ २०२४ मध्ये हरियाणातील रेवाडी जिल्ह्यातील झाबुआच्या जंगलात जाऊन पोहोचला. रेवाडीही राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच आहे. या भटकंतीदरम्यान काही माणसे जखमी झाली. अखेर नोव्हेंबरमध्ये त्याला पकडून बुंदीजवळच्या रामगढ विषधारी प्रकल्पात सोडण्यात आले. नव्या क्षेत्राच्या शोधात निघणे हा तरुण नराचा स्वभावधर्म असतो. त्याच्या वाटेवर दुसरा व्याघ्रसमूह नसेल, तर जनुकांची देवाणघेवाण होऊ शकत नाही.

अशा तुटलेपणाचे दीर्घकालीन परिणाम मध्य भारताच्या संदर्भात तपासण्यात आले आहेत. प्राची थट्टे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११६ वाघांच्या डीएनएची माहिती घेऊन कोणत्या प्रकारच्या भूप्रदेशातून वाघ जाऊ शकतात, हे आधी ठरविले. त्यानंतर २१ व्याघ्रसमूहांसाठी ८६ संभाव्य परिस्थिती संगणकावर इसवी सन २१०० पर्यंत चालवून पाहिल्या. अनियोजित विकास झाल्यास संरक्षित क्षेत्रांतील वाघ नष्ट होण्याची शक्यता मोठ्या प्रमाणात वाढते आणि भ्रमणमार्ग न राखता केवळ वाघांची संख्या वाढविल्याने ती पुरेशी कमी होत नाही, असे त्यातून दिसले. भ्रमणमार्ग जपणे आणि मोठ्या जंगलांमधील छोटे समूह टिकविणे हा अधिक परिणामकारक उपाय ठरला.

महाराष्ट्रातील पेंच प्रकल्पालगत राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्यजीवांसाठी बांधलेल्या नऊ भुयारी मार्गांचे महत्त्व या निष्कर्षांच्या पार्श्वभूमीवर लक्षात येते. भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ या मार्गांचा वापर करताना टिपले गेले आहेत.

ताडोबाच्या वाघिणी ओडिशात

जंगल जोडणे शक्य नसेल, तेथे बाहेरून वाघ आणणे हा पर्याय उरतो. ओडिशातील सिमिलिपाल हे त्याचे अलीकडचे उदाहरण आहे. रुंद, एकमेकांत मिसळलेल्या पट्ट्यांमुळे काळसर दिसणारे तेथील वाघ प्रसिद्ध आहेत. ‘टॅकपेप’ नावाच्या जनुकातील एका बदलामुळे हे रूप येते, असे २०२१ मध्ये सिद्ध झाले. सिमिलिपालमधील सुमारे ३७ टक्के वाघ असे होते. एरवी अत्यंत दुर्मीळ असलेला हा बदल तेथे एवढा वाढण्यामागे समूहाचे एकाकीपण आणि त्यातून होणारे अंतःप्रजनन असल्याचे आढळले.

जनुकीय विविधता वाढावी, या हेतूने २०२४ च्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी प्रकल्पातून ‘जमुना’ आणि ‘झीनत’ या दोन वाघिणी सिमिलिपालला पाठविण्यात आल्या. झीनत तेथून निघून झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये गेली. २९ डिसेंबर रोजी बांकुरा जिल्ह्यात तिला पकडून परत आणावे लागले. प्रयोगशाळेतील उत्तर प्रत्यक्ष जंगलात उतरविणे किती कठीण असते, हे या घटनेने दाखवून दिले.

अंदाजाच्या मर्यादा

अमेरिकेतील फ्लोरिडात १९९५ मध्ये टेक्सासमधील आठ माद्या सोडल्यानंतर तेथील क्षीण झालेला प्यूमांचा समूह सावरला. याउलट आइल रॉयल बेटावर १९९७ मध्ये आलेल्या एकाच लांडग्याच्या वंशजांनी संपूर्ण कळप व्यापला आणि अंतःप्रजननामुळे काही पिढ्यांत समूह कोसळला. बाहेरून येणारा प्राणी विविधतेबरोबर आपले सुप्त दोषही आणतो. म्हणून कोणता प्राणी, कोठून आणि किती वेळा आणावा, हे जनुकीय तपासणीनेच ठरविणे इष्ट ठरते.

हवामान बदलाबाबतही असे अंदाज बांधले जात आहेत. उत्तर अमेरिकेतील ‘यलो वॉर्बलर’ या पक्ष्याच्या २०१८ मधील अभ्यासानुसार, भावी हवामानाशी जुळण्यासाठी ज्या समूहांच्या जनुकांत सर्वाधिक बदल व्हावा लागेल, त्यांची संख्या आधीच घटू लागली आहे. तथापि, जनुकसंचातील दोष म्हणजे प्रत्यक्ष आजार नव्हे. किती बछडे जन्मले आणि त्यांतील किती जगले, या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय असा अंदाज सिद्ध होत नाही.

देशातील वाघांची संख्या २००६ मधील १,४११ वरून २०२२ च्या गणनेत सरासरी ३,६८२ वर गेली. हे वाघ परस्परांपर्यंत पोहोचू शकतात की नाही, हे मात्र या आकड्यांतून कळत नाही. एखाद्या भ्रमणमार्गातून रस्ता जाऊ द्यावा काय आणि सरिस्कासाठी पुढील वाघ रणथंबोरऐवजी अन्यत्र शोधावेत काय, याचे निर्णय घेताना गणनेइतकेच जनुकीय पुराव्यालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.