आरएचबीएमपी-२ची जनुकविषाक्तता चाचणी

आरएचबीएमपी-२ हे हाडाची वाढ घडवून आणणाऱ्या मानवी प्रथिनाचे प्रयोगशाळेत तयार केलेले रूप आहे. या प्रथिनामुळे पेशींमधील डीएनए किंवा गुणसूत्रे यांना इजा होते का, हे तपासणाऱ्या प्रयोगांना जनुकविषाक्तता चाचणी म्हणतात.

पार्श्वभूमी

खनिजे काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवल्यास तेथे नवे हाड तयार होते, असे अमेरिकी अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. १९८८ मध्ये या गटातील काही प्रथिनांची मानवी जनुके वेगळी करण्यात आली. बीएमपी-२चे जनुक चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातून मिळवलेल्या पेशींत घालून हे प्रथिन तयार केले जाते. २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कमरेचे मणके सांधण्यासाठी त्याच्या वापरास परवानगी दिली.

चाचण्यांचे स्वरूप

जनुकविषाक्ततेच्या प्रचलित चाचण्या तीन प्रकारच्या आहेत.

* एम्स चाचणी : हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः तयार करू न शकणारे साल्मोनेला जिवाणू यात वापरतात. उत्परिवर्तनामुळे ती क्षमता परत मिळालेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजल्या जातात.
* गुणसूत्र चाचणी : सस्तन प्राण्यांच्या संवर्धित पेशींतील गुणसूत्रांची मोडतोड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.
* सूक्ष्मकेंद्रक चाचणी : उंदरांच्या अस्थिमज्जेतील पेशींत गुणसूत्रांचे सुटे तुकडे शोधतात.

प्रथिनाच्या नमुन्यात मुक्त हिस्टिडीन असल्यास उत्परिवर्तनाशिवायही जिवाणू वाढतात आणि एम्स चाचणीचा निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

मर्यादा

मोठ्या आकाराची प्रथिने डीएनएवर थेट क्रिया करतील अशी अपेक्षा नसते. त्यामुळे जैवतंत्रज्ञानाने बनवलेल्या औषधांना या नेहमीच्या चाचण्या लागू पडत नाहीत, अशी भूमिका १९९७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत घेतली आहे.

बीएमपी-२ पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटून पेशींची वाढ व विभेदन यांवर परिणाम करते. डीएनएला धक्का न लावताही असे प्रथिन आधीच असलेल्या अर्बुदाच्या वाढीस हातभार लावू शकते. म्हणून जनुकविषाक्तता न आढळणे म्हणजे कर्करोगाचा धोका नसणे असे नव्हे. याच कारणास्तव अर्बुद असलेल्या वा काढलेल्या जागी त्याचा वापर निषिद्ध मानला जातो. अधिक मात्रेच्या एका उत्पादनाला २०११ मध्ये अमेरिकेत परवानगी नाकारण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र पुनरावलोकनांत हे प्रथिन वापरलेल्या रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण काहीसे अधिक दिसले. मात्र कर्करोगाच्या घटनांची संख्या अल्प असल्याने ठाम निष्कर्ष काढता आला नाही.