बंजारा स्त्रीवेश : नोंद व प्रदर्शन

बंजारा किंवा लमाण जमातीच्या स्त्रियांचा भरतकाम, आरसे, कवड्या व नाणी यांनी सजविलेला पारंपरिक पोशाख. नांदेड जिल्ह्यातील किनवट, माहूर व मुखेड या भागांत आणि लातूर जिल्ह्यातही या जमातीचे तांडे आहेत. घेरदार फेटिया (घागरा), पाठीवर बंदांनी बांधावयाची कांचळी (चोळी) आणि भरतकामाची ओढणी हे या वेशाचे मुख्य भाग होत. केसांत गुंफून गालांवर लोंबणाऱ्या घुगऱ्या व दंडापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या यांवरून स्त्री विवाहित असल्याचे ओळखले जाई. या बांगड्या पूर्वी हस्तिदंताच्या असत. पुढे हाड, शिंग व अखेरीस प्लॅस्टिक आले.

आठवडी बाजाराच्या गर्दीत हा वेश दुरूनही ओळखू येई. हीच ओळख पुढे जाचक ठरली. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्न्ये याने धान्य व मीठ वाहणारे बैलांचे तांडे आणि स्त्रियांच्या अंगावरील फुलांचे गोंदण यांचे वर्णन कुतूहलाने केले आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र कुतूहलाची जागा संशयाने घेतली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक भटक्या जमाती आल्या व काही प्रदेशांत बंजाऱ्यांवरही पाळत राहिली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. निजामाच्या राज्यातील जातीजमातींवरील सय्यद सिराज उल हसन यांच्या ग्रंथात (१९२०) बंजाऱ्यांची सविस्तर माहिती आहे. तथापि अशा ग्रंथांतून जमातीचा नमुना दिसतो. तो घागरा कोणी, किती दिवसांत शिवला, हे कळत नाही.

रेल्वे व रस्ते यांमुळे बैलांवरील वाहतूक बुडाली. तांडे स्थिरावले, ऊसतोड व बांधकाम यांसाठी स्थलांतर सुरू झाले. जड फेटियापेक्षा साडी सोयीची ठरली आणि पारंपरिक वेश मुख्यतः वृद्ध स्त्रिया, तीज व होळी यांपुरता उरला. या सणांसाठी आता यंत्रावर शिवलेले, प्लॅस्टिकच्या आरशांचे पोशाख घेतले जातात. संग्राहक त्यांना अस्सल मानीत नाहीत. ही दृष्टी सदोष आहे. आजची तरुणी जे हौसेने नेसते, तेही नोंदीस तितकेच पात्र आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९९४-९५ मध्ये रस्त्यावरील तरुण गटांच्या वेशाचे प्रदर्शन भरविले. त्यासाठी शक्यतो प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडूनच कपडे मिळविण्यात आले. महाराष्ट्रात वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा वारसा संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. जमातीच्या तीर्थक्षेत्रीच ते असल्याने तेथे येणारा प्रेक्षक बहुधा त्या वेशाचा जाणकारच असतो, ही मोठी जमेची बाजू होय.

दरम्यान जुने फेटिये व्यापाऱ्यांच्या हाती जाऊन त्यांच्या पिशव्या व उशांचे अभ्रे होतात. असा तुकडा मुखेडकडील तांड्यातला की कर्नाटकातील संडूरचा, हे सांगण्यास मग भरतकामाच्या टाक्यांखेरीज काही पुरावा उरत नाही.