ओढ ओसरते, ती कुठे जाते?

वडनेरच्या मंडळींनो, "आता पहिल्यासारखं राहिलं नाही" ही तक्रार आजची नव्हे. सातवाहन राजा हाल याच्या नावावरची 'गाथासप्तशती' पाहा. सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्री प्राकृतातला हा संग्रह. पुढे त्यात भरही पडली. दुराव्यानं प्रेम जातं, अति सहवासानंही जातं आणि कधी विनाकारणच जातं, हे त्या गाथाकारांनी हेरलं होतं.

या 'विनाकारण'चा थोडा उलगडा 1999 साली इटलीतल्या पिसा इथं झाला. दोनातेल्ला माराझ्झिती आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या 20 जणांचं रक्त तपासलं. सेरोटोनिन वाहून नेणारं प्रथिन त्यांच्या प्लेटलेटमध्ये कमी निघालं. एकच विचार पिच्छा सोडत नाही अशा मंत्रचळाच्या रुग्णांसारखंच. त्यांतल्या काहींना 12 ते 18 महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर प्रमाण नेहमीसारखं झालं होतं. प्रयोग लहान, पण बोलका.

म्हणून आम्ही एवढंच म्हणतो: ओढ ओसरली म्हणजे कुणी कुणाला फसवलं, असं होत नाही. शरीर ताळ्यावर आलं, इतकंच. मात्र उद्यापासून एकमेकांशी कसं वागायचं, हे रक्त सांगत नाही. तो निर्णय आपलाच. तो रक्तावर ढकलता येत नाही.