मेंदूतील पेशीबाह्य जाळे आणि प्रतिपिंड: प्रस्तावना

परळी वैजनाथच्या शिवारात कुणाला साप चावला, की घरचे त्याला घेऊन अंबाजोगाईच्या ‘स्वाराती’ रुग्णालयाकडे धाव घेतात. अशा वेळी शिरेतून दिले जाणारे प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तातले प्रतिपिंड. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अल्प मात्रेत टोचलेल्या घोड्यांकडून ते मिळतात. नेमका रेणू हेरून त्याला चिकटण्याचा प्रतिपिंडांचा हाच गुण मेंदूच्या अभ्यासात कसा वापरतात, ते या पुस्तकात सांगितले आहे.

चेतापेशींमधली जागा रिकामी नसते. तिथे हायल्युरोनानचे लांब धागे असतात आणि त्यांना अॅग्रेकॅन, ब्रेव्हिकॅन, टेनॅसिन-आर ही प्रथिने जोडलेली असतात. काही चेतापेशींभोवती या द्रव्याची दाट जाळी विणलेली असते. कामिल्लो गोल्जी यांनी १८९८ मध्ये तिचे वर्णन केले. पण ती कशाची बनली आहे, हे कळायला प्रतिपिंडांची वाट पाहावी लागली. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची रीत शोधली. पुढे हॉकफिल्ड आणि मॅके यांनी मांजराच्या मज्जारज्जूवरून ‘कॅट-३०१’ हा प्रतिपिंड मिळवला. तो ज्याला चिकटतो ते अॅग्रेकॅन निघाले, म्हणजे सांध्यांच्या कूर्चेतलेच प्रथिन! २००२ मध्ये प्रौढ उंदरांच्या दृष्टिकेंद्रातल्या या द्रव्यातल्या प्रथिनांना जोडलेल्या शर्करासाखळ्या काँड्रॉइटिनेज विकराने तोडल्या, तेव्हा तिथे पिल्लांच्या मेंदूतली लवचीकता पुन्हा दिसली.

नवख्या विद्यार्थ्याची फसगत होते ती या शर्करासाखळ्यांपाशी. त्या प्रथिनाचा काही भाग झाकून टाकतात. त्यामुळे प्रथिन असूनही मेंदूच्या छेदावर लावलेला प्रतिपिंड त्याला चिकटत नाही आणि रंग उमटत नाही. ‘२बी६’सारखे प्रतिपिंड तर विकराने साखळी छाटल्यावर उरलेला खुंटच ओळखतात. हायल्युरोनान पृष्ठवंशी प्राण्यांत सारखेच असल्याने त्याविरुद्ध चांगले प्रतिपिंड मिळणे अवघड. तिथे कूर्चेतून काढलेले, त्याला चिकटणारे प्रथिन वापरतात. आणि जाळी दाखवण्यासाठी सर्रास वापरले जाणारे विस्टेरियाचे लेक्टिन हा प्रतिपिंडच नव्हे. ते एका वेलीच्या बियांतले प्रथिन आहे आणि साखरेला चिकटते.

बारावीचे जीवशास्त्र पक्के असेल, तर हे पुस्तक जड जाणार नाही. पहिली प्रकरणे क्रमाने वाचावीत. पुढची गरजेप्रमाणे उघडावीत. एक शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. रंग उमटला, तर ते प्रथिन मुळातच नसलेल्या ऊतीवर तोच प्रतिपिंड लावून पाहावा. नाही उमटला, तर विकर वापरून पुन्हा पाहावे. त्यानंतरच वहीत ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहावे.