फ्लशची टाकी : पाणी रोखण्यासाठी जन्मलेले यंत्र

१/ कमोडवरची टाकी किंचित डुगडुगते, बोल्टच्या टोकाशी थेंब जमतो आणि मागची फरशी कधी कोरडी होत नाही. घरोघरी आढळणाऱ्या या तक्रारीचे खापर सहसा वॉशरवर फोडले जाते. वॉशर दोषी असतोही. परंतु टाकी आणि भांडे यांच्यामध्ये वॉशरची गरज का पडली, या प्रश्नाचे उत्तर चारशे वर्षांच्या इतिहासात आहे.

२/ इंग्लंडच्या राणी पहिल्या एलिझाबेथचे धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन यांनी इ.स. १५९६ मध्ये एका विनोदी ग्रंथातून वर टाकी, खाली झडप अशा शौचकूपाची रचना मांडली. पाणी कमी असेल तर वीस माणसांच्या वापरानंतरही दिवसातून एकदा धुणे पुरेसे, असा त्यांचा सल्ला होता. टाकीसोबत पाण्याच्या काटकसरीचा विचारही तेव्हाच जन्मला.

३/ पुढची जवळजवळ पावणेदोनशे वर्षे ही कल्पना फारशी रुजली नाही. १७७५ मध्ये घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी वाकड्या नळीचे पेटंट घेतले. नळीच्या वळणात साचलेले पाणी गटाराची दुर्गंधी अडवू लागले. १७७८ मध्ये जोसेफ ब्रामा यांनी झडपेत सुधारणा केली. श्रीमंतांच्या घरांत शौचकूप शिरले ते या दोघांमुळे.

४/ मात्र झडप हाच त्या यंत्राचा दुबळा अवयव होता. ती झिजली की पाणी रात्रंदिवस वाहत राही, आणि आवाज नसल्याने कोणाच्या ध्यानातही येत नसे. लंडनचा पाणीपुरवठा तेव्हा खासगी कंपन्यांकडे होता आणि बहुतेक वस्त्यांना तो दिवसातून काही तासच मिळे. चोवीस तास पाणी द्यायचे, तर आधी घराघरांतील ही गळती थांबवणे भाग होते.

५/ १८७१ च्या महानगर पाणीपुरवठा कायद्यानंतर लंडनमध्ये नियम झाले. शौचकूपाला स्वतंत्र टाकी असावी आणि तिने एका वेळी दोन गॅलनहून, म्हणजे सुमारे नऊ लिटरहून अधिक पाणी सोडू नये, असा दंडक आला. या टाकीचे अधिकृत नावच ‘पाण्याचा अपव्यय रोखणारे साधन’ अशा अर्थाचे होते. मोजून पाणी देणे आणि उरलेले राखून ठेवणे, हे तिचे काम.

६/ हे काम चोख केले सायफनने. साखळी ओढली की टाकीतले पाणी एका वाकड्या नळीच्या माथ्यावरून ढकलले जाई आणि मग पाठोपाठ सारे पाणी आपोआप खेचले जाई. तळाशी झडपच नसल्याने गुपचूप गळण्याचा प्रश्न उरला नाही. या शोधाचे श्रेय अनेकदा थॉमस क्रॅपर यांना दिले जाते. ते चुकीचे आहे. त्यांच्या नावावर खपणारे १८९८ चे बिनझडपेच्या टाकीचे पेटंट अल्बर्ट गिब्लिन यांचे होते.

७/ त्या काळातील टाकी बिडाची असे आणि भिंतीवर डोक्याहून उंच बसवलेली असे. उंचीमुळे पाण्याला वेग येई. मुंबईच्या जुन्या इमारतींत अशा साखळीच्या टाक्या पाहिलेले लोक आजही भेटतात. तिथे टाकी आणि भांडे यांच्यामध्ये लांब नळी होती. टाकी थोडी तिरपी बसली तरी बिघडत नसे.

८/ विसाव्या शतकात टाकी टप्प्याटप्प्याने खाली आली आणि शेवटी भांड्याच्याच पाठीवर बसली. आवाज घटला, जागा वाचली, रूप सुटसुटीत झाले. पण मधली नळी गेली आणि तिच्या जागी आला दोन चिनीमातीच्या वस्तूंमधला एक सांधा.

९/ आजच्या तक्रारीचे मूळ इथे आहे. चिनीमातीचे भांडे सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजताना जवळपास दशांशाने आकसते आणि थोडेफार वाकते. टाकी वेगळी भाजली जाते, भांडे वेगळे. दोन्ही पृष्ठभाग तंतोतंत जुळतील याची शाश्वती नसते. उरलेली फट भरण्यासाठीच मध्ये जाड रबरी वॉशर आणि दोन-तीन बोल्ट असतात.

१०/ म्हणून टाकी डुगडुगली की बोल्ट ताकदीने आवळणे हा सर्वात घातक उपाय. चिनीमाती वाकत नाही, तडकते. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करावी, उचलावी, जुन्या रबराचा चिकटलेला थर खरवडावा. त्याच मापाचा नवा मधला वॉशर आणि बोल्टचे नवे वॉशर घालावेत. मग एका बाजूचा बोल्ट थोडा, दुसऱ्या बाजूचा थोडा, असे आळीपाळीने आवळावे. टाकी समतल होऊन हलेनाशी झाली की थांबावे.

११/ गळती नेमकी कुठे आहे, तेही आधी ओळखावे. टाकीत खाण्याचा रंग टाकावा. फ्लश न करता रंग भांड्यात उतरला, तर तळाची झडप झिजली आहे. पाणी बाहेर बोल्टपाशी किंवा सांध्यात दिसले, तर वॉशर किंवा टाकीची बैठक बिघडली आहे. आणि टाकीच्या अंगावर तडा दिसला, तर टाकीच बदलावी लागते.

१२/ ब्रिटनने सायफनची सक्ती २००१ मध्ये सोडली आणि झडपेच्या टाक्यांना परवानगी दिली. भारतातील बहुतेक कमोडच्या टाक्यांतही आज झडपच असते. म्हणजे १८७१ च्या नियमांनी ज्या मूक गळतीला वेसण घातली, ती पुन्हा घरात आली आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या राज्यात, तीस-चाळीस रुपयांच्या रबराअभावी रात्रभर वाहणारे पाणी ही किरकोळ बाब ठरत नाही.