पालथे पात्र : दान, दाता आणि सन्मान

बौद्ध इतिहासाच्या अभ्यासकांना हे ठाऊक आहे की, आपल्या पूर्वजांची ओळख राजांच्या प्रशस्तींपेक्षा दात्यांच्या शिलालेखांतून अधिक पटते. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपासाठी विधिक नावाच्या चर्मकाराने माता, पत्नी, बंधू, पुत्र व कन्यांसह पूर्णघटाची शिळा दान दिली, असे त्या शिळेवरच कोरलेले आहे. ज्या चर्मकाराला पुढे जातिव्यवस्थेने गावकुसाबाहेर लोटले, त्याचे नाव एके काळी स्तूपाच्या दगडावर सन्मानाने कोरले जात होते. दात्याचे नाव कोरणे म्हणजे समाजाने दिलेली साक्ष होय. म्हणूनच ते कोणाचे कोरावे, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नसून धम्माचा आहे.

अमरावतीच्या शिल्पांचा मोठा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ही संस्था तेथील कायद्यानुसार धर्मादाय गणली जाते. डिसेंबर २०२३ मध्ये तिने बीपी या तेल कंपनीकडून दहा वर्षांत ५ कोटी पौंड स्वीकारण्याचा करार जाहीर केला. धर्मादाय संस्था आणि ही कंपनी यांचे नाते कसे असते, हे जाणण्यासाठी त्याच शहरातील टेट या कलासंस्थेचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

टेटला बीपीचे साहाय्य १९९० पासून मिळत होते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात बीपीच्या विहिरीवर काम करणाऱ्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या मंचावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. पुढे ८७ दिवस समुद्रात तेल वाहत राहिले. अमेरिकन शासनाच्या अंदाजानुसार विहिरीतून सुमारे ४९ लाख पिंपे तेल बाहेर पडले. मच्छीमारांची उपजीविका बुडाली, पक्षी व जलचर तेलात माखून मेले. हे तेल वाहत असतानाच, जून २०१० मध्ये, टेटने आपल्या दात्याच्या साहाय्याची वीस वर्षे मेजवानीने साजरी केली. निषेध करणाऱ्यांनी प्रवेशद्वारी तेलासारखा काळा द्रव ओतला. आत दात्याचा गौरव आणि बाहेर दात्याच्या कृत्याची आठवण, असे ते दृश्य होते.

या सन्मानाचे मोल किती होते? माहितीच्या अधिकारासाठी झालेल्या दीर्घ लढ्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये टेटला आकडे उघड करावे लागले. १९९० ते २००६ या सतरा वर्षांत मिळून सुमारे ३८ लाख पौंड मिळाले होते, म्हणजे वर्षाला सरासरी सव्वादोन लाखांच्या आसपास. एवढ्या मोठ्या संस्थेच्या उत्पन्नाच्या मानाने ही रक्कम क्षुल्लकच होती. दरम्यान सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने कंपनीला घोर निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले होते. तरीही संस्थेने दात्याला नकार दिला नाही. २०१७ मध्ये हे साहाय्य थांबले, ते कंपनीने व्यवसायातील कठीण परिस्थितीचे कारण देऊन थांबवले. नाकारण्याचा नैतिक अधिकार संस्थेने वापरलाच नाही. आमच्या मते या इतिहासातील सर्वांत खेदाची गोष्ट हीच होय.

पैसा कोठूनही आला तरी तो सत्कार्यी लागतो, असा युक्तिवाद केला जातो. तथागतांनी आम्रपालीचे भोजन स्वीकारले, याचाही दाखला दिला जाईल. परंतु भोजन स्वीकारणे वेगळे आणि चालू असलेल्या अपकाराला भूषण देणे वेगळे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वड्ढ लिच्छवीची कथा आहे. त्याने दब्ब मल्लपुत्त या निर्दोष भिक्खूवर खोटा आळ घेतला, तेव्हा संघाने त्याच्यासाठी भिक्षापात्र पालथे केले. त्याचे दान घ्यावयाचे नाही, असा तो निर्णय होता. वड्ढाने अपराध कबूल करून क्षमा मागितल्यावर पात्र पुन्हा उताणे झाले. पात्र पालथे करण्याची जी आठ कारणे तेथे सांगितली आहेत, ती संघाला व त्रिरत्नांना उपद्रव करण्याविषयीची आहेत, नदी वा समुद्राविषयीची नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत अंगुत्तरनिकायाने विषाच्या व्यापाराचा समावेश केला आहे आणि पाण्यात मलमूत्र विसर्जन करण्यास किंवा थुंकण्यास भिक्खूंना मनाई आहे. पाण्याबद्दल एवढी दक्षता बाळगणारी परंपरा पाणी विषारी करणाऱ्याच्या गौरवाबाबत उदासीन कशी राहील? भिक्षेवर जगणारा संघ दान नाकारू शकत होता. म्यानमारच्या भिक्खूंनी १९९० मध्ये व पुन्हा २००७ मध्ये लष्करी सत्ताधाऱ्यांसाठी पात्रे पालथी केली, ती याच परंपरेला अनुसरून.

हा प्रश्न केवळ लंडनचा नाही. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करावे लागतात. हा निधी वसतिगृहे, ग्रंथालये, दवाखाने यांपर्यंत पोहोचतो आणि त्यामागोमाग कोनशिला, शाल, मानपत्रही येते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते पाण्यावरील मनुष्यमात्राचा हक्क सिद्ध करण्यासाठी. त्याच महाडजवळून वाहणारी सावित्री नदी पुढे रासायनिक सांडपाण्याने दूषित झाली. जातीने बाटवलेले पाणी ज्यांनी मुक्त केले, त्यांच्या वारसांनी रसायनाने बाटवलेल्या पाण्याबद्दल मौन पाळणे योग्य नव्हे.

आम्ही दानाच्या विरोधात नाही. विहारांच्या व संस्थांच्या विश्वस्तांना आमची एवढीच विनंती आहे की, कोनशिलेवर नाव कोरण्यापूर्वी दात्याच्या कारखान्याखालच्या नदीकाठी राहणाऱ्यांना विचारावे. ते समाधानी असतील तर नाव खुशाल कोरावे. ते तक्रार करीत असतील तर पात्र पालथे करावे, आणि दात्याने चूक सुधारली की ते उताणे करण्याची तयारीही ठेवावी. विधिक चर्मकाराच्या शिळेच्या पंक्तीत कोणाची शिळा बसवायची, हे ठरवणे आपल्या हाती आहे.