होडीचा काठ

कयाक म्हणजे वरून झाकलेली होडी. वल्हवणारा बसतो तिथे डेकला लंबगोल तोंड असतं आणि त्या तोंडाभोवती उभा काठ. काठाला बाहेरून बोटभर रुंद पदर. कमरेला बांधलेल्या कापडी घेराची लवचीक दोरी त्या पदराखाली अडकली, की लाट अंगावरून गेली तरी आत पाणी शिरत नाही. सबंध होडीत एवढा एकच भाग असा आहे, की त्यावर माणूस बसताना हात टेकतो, उठताना भार देतो आणि उलटला तर त्याचा जीवही या काठावरच अवलंबून राहतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबला आमच्या घरी सुतारकी. वडील बंडीची चाकं भरायचे. तुंब्यात आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि त्यावर लालभडक तापवलेली लोखंडी धाव. पाणी ओतलं की धाव आवळायची आणि सुटे पुठ्ठे एकजीव व्हायचे. म्हणून अडाण नदीत चालवायला प्लायवूडची कयाक बांधायला घेतली, तेव्हा माझं लक्ष आधी तिच्या काठाकडे गेलं. लाकडाचं बंद कडं करायचं आणि ते सुटू द्यायचं नाही, हे काम मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

या काठाचा कसबी कारागीर ग्रीनलँडचा. तिथे झाडं जवळजवळ नाहीतच. समुद्राने दुरून वाहून आणलेली लाकडं तेवढी किनाऱ्यावर मिळायची. त्यातून पातळ पट्टी काढून, ती गरम पाण्यात मऊ करून वाकवायची आणि टोकं एकमेकांवर बांधायची. मला सगळ्यात जास्त भावतं ते पुढचं. हे कडं होडीच्या सांगाड्याला ठोकलेलं नसे. सांगाड्यावर ताणलेल्या सीलच्या कातड्याला ते शिवलेलं असे, आणि कातड्याच्या ताणावरच बसून राही. शिकाऱ्याच्या कातडी अंगरख्याचा घेर त्या कड्यावर आवळला, की माणूस आणि होडी एकच. खिळा नाही, लोखंड नाही. आमच्या धावेलासुद्धा भट्टी लागायची.

युरोपात या होडीची हौस पसरली ती जॉन मॅकग्रेगर यांच्यामुळे. १८६५ साली ते ओक आणि सीडरच्या ‘रॉब रॉय’मधून तिथल्या नद्या फिरले. पुढे जर्मनीत घडीच्या कयाक निघाल्या. तसलीच एक घेऊन तिथलाच ऑस्कर स्पेक १९३२ मध्ये उल्महून निघाला, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरूनही वल्हवत गेला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला पोहोचला.

होड्यांवर काचेचं कापड आलं ते यानंतर. काचेचे धागे अमेरिकेत १९३० च्या दशकात निघाले आणि १९४२ मध्ये रे ग्रीन यांनी पॉलिएस्टर रेझिन वापरून फायबरग्लासची होडी केली. घरी होडी बांधणाऱ्यांसाठी मात्र खरा बदल इंग्लंडमध्ये झाला. केन लिटलडाइक या शिक्षकाने प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने टाचून सांध्यांवर काचेची पट्टी आणि रेझिन चढवण्याची पद्धत कयाकसाठी बसवली. तीच पद्धत १९६० च्या दशकात ‘मिरर’ नावाच्या छोट्या शिडाच्या होडीत आली, आणि तशा सत्तर हजारांवर होड्या बांधल्या गेल्या. लोकांनी त्या आपापल्या पडवीत, गॅरेजात बांधल्या.

फळ्या शिवून होडी करणं आपल्याला नवं नाही. सिंधुदुर्गातल्या रापणीच्या होड्या काथ्याने शिवलेल्या असत. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. आणि लाकूड व काच यांचा आपल्याकडचा मोठा संसार म्हणजे ‘म्हादेई’. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात सीडरच्या पट्ट्यांवर काच आणि इपॉक्सी चढवून ही ५६ फुटी नौका झाली. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि असं करणारे ते पहिले भारतीय ठरले. लाकडावर काच टिकते का, असं कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो.

टिकते, पण लाकडाचा स्वभाव ओळखला तर. पॉलिएस्टर स्वस्त, पण लाकडाला त्याची पकड कच्ची. ओल लागली की साल निघाल्यासारखं सुटतं. इपॉक्सी महाग, पण धरून ठेवतं. आमच्या जिल्ह्याचा साग तेलकट. त्याचा काठ करायचा तर आधी घासून अॅसिटोनने पुसावा लागतो, आणि पुसल्यावर लगेच रेझिन. काचेचं कापड काटकोनात वळत नाही, म्हणून डेक आणि काठ यांच्या कोपऱ्यात रेझिनमध्ये सागाचा भुसा कालवून गोलाई भरायची. पट्ट्या तिरक्या कापायच्या, तरच त्या वळणावर चुणी न पडता बसतात. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर असतो. वाटीत कालवलेलं रेझिन हातातच तापून घट्ट होतं. म्हणून काम पहाटे करायचं आणि रेझिन पसरट ताटात घ्यायचं. घासताना मास्क आणि हातमोजे हवेतच. काचेची कूस अंगात शिरली की दिवसभर खाज जात नाही.

आमच्या ओळखीतले एक भोई काका रोज संध्याकाळी काम पाहायला येत. ते म्हणाले, “तळ फुटला त बोळा कोंबता येते, काठ फाटला त डोंगा गेला.” एका खोडातून वाकसाने कोरलेले डोंगे त्यांनी वापरले आहेत. कोरताना काठ जाड ठेवायचा आणि टोकाशी चीर दिसली की वरून लोखंडी पट्टी ठोकायची, हे ते हाताने दाखवतात. ग्रीनलँडचं कडं जगातल्या संग्रहालयांत जपून ठेवलं आहे, त्याची मापं पुस्तकांत छापली आहेत. आपल्या डोंग्याच्या काठाची मापं कोणी लिहून ठेवली? धरणांच्या पाण्यावर आता थर्माकोल आणि ट्यूब दिसतात, आणि जुने डोंगे सरपणात जातात.

अडाण, पैनगंगा, वर्धा, कोणत्याही नदीकाठी तुमच्या गावात जुना डोंगा पडला असेल, तर तो फोडण्याआधी त्याची लांबी, रुंदी आणि काठाची जाडी मोजा. लाकूड कोणतं ते विचारा, आणि ज्याने कोरला त्याचं नाव वहीत लिहून ठेवा.